मुराळी

पाळणा सगळ्यात वर जाऊन थांबला. खाली नवी माणसं चढत होती. रत्नानं डब्याच्या दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि भूमिकाचा फ्रॉक मुठीत धरला.

"मामा, तुझं घर दिसतं का इथून?"

जितेंद्रनं टेकडीखाली पाहिलं. उन्हात सगळं जळगाव पांढरं पडलं होतं. पिंप्राळ्याकडची घरं, पाण्याच्या टाक्या, रेल्वेची रेघ. "नाही बेटा. सावदा पार तिकडे. ते धुरकट दिसतं ना, त्याच्याही पलीकडे."

"आम्ही तिथं येणार आज. आईनं बॅग भरली."

बॅग रत्नाच्या पायाशीच होती. तिकीटवाला म्हणाला होता, खाली ठेवा ताई, पण तिनं ठेवली नव्हती. दुसऱ्या जातीत लग्न केल्यापासून सहा वर्षांत माहेरचं कोणी फिरकलं नव्हतं. आज सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. आवाज बसलेला. "अक्का, दुपारी टेकडीवरच्या पार्कात ये. भूमिकाला घेऊन ये." आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, भाऊ बोलावतो म्हणजे मुराळी होऊन न्यायलाच येतो. तिनं लगेच कपाटातून साड्या काढल्या. नवरा हसला होता. "मुराळी दारात येतो गं. पार्कात कुठे येतो?"

"तुमच्या दारात यायला लाजत असेल," ती म्हणाली होती.

पण नजर तिची सगळं टिपत होती. भाऊ रिकाम्या हातानं आला होता. आईनं भूमिकासाठी साधी सांजोरीसुद्धा दिली नव्हती. भेटल्याबरोबर त्यानं तिचं मनगट धरलं, नाडी पाहावी तसं, आणि बराच वेळ सोडलंच नाही. घरचं काही विचारलं की तो भूमिकाला म्हणे, चल, आइस्क्रीम खाऊ. चल, मोठ्या पाळण्यात बसू.

आता इथं वर त्याला जायला जागा नव्हती.

"धाकटी रूपा आली का माहेरी?"

"काल आली."

"निंबाला झोका बांधला?"

"बांधला."

"मग निघू ना रे. ऊन उतरायची वाट कशाला पाहतो? गाडीवर मावू आपण. बॅग तू पुढे ठेव, भूमिकाला मध्ये घेते."

"मी न्यायला नाही आलो, अक्का. तुला पाहायला आलो."

"आबा ओरडतील म्हणून ना? ओरडू दे. दोन थोबाडीत दिल्या तरी खाईन. पाया पडेन आणि चुलीपाशी जाऊन बसेन. सणाला आलेल्या लेकीला कोणी हाकलतं का?"

"आबा ओरडत नाहीत वं अक्का. ओरडले असते तर बरं होतं." त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "सहा वर्षं तुझा विषय नाही काढला त्यांनी. कोणी काढला तर ताटावरून उठायचे. आज काढला. आज तुझं नाव घेतलं."

रत्नाचा हात कडीवरून सुटला. उंची, ऊन, खालचं शहर, सगळं ती क्षणभर विसरली. "खरं? स्वतःच्या तोंडानं?"

"सगळ्यांसमोर. रत्ना पितांबर, असं पूर्ण नाव."

"बापाचंच नाव लावलं मला!" ती हसली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "मग मेल्या, हे आधी सांगायचं ना! कधी घेतलं?"

पाळण्याला हिसका बसला. डबा हळूहळू खाली निघाला. भूमिका टाळ्या वाजवू लागली. जितेंद्रनं पुन्हा बहिणीचं मनगट धरलं.

"सकाळी, पितरांच्या घागरी भरताना. पहिली आजोबांच्या नावानं भरली, दुसरी आजीच्या. तिसरी तुझ्या."