अर्धं आयुष्य वाटेत

"अहो, त्याचं अर्धं आयुष्य वाटेतच गेलं, आता मी काय करू?" तंत्रज्ञ बाईचा फोनवरचा आवाज काचेपलीकडेही ऐकू आला.

बाकावरची आजी सुनेकडे कलली. "कुणाचं गं? माझ्याबद्दल बोलतेय की काय?"

सून हसली नाही. सासू पहाटेपासून उपाशी होती.

बाई बाहेर आली. "तुमचं नाही, आजी. सुईतून द्यायच्या औषधाचं. ते अंगात जाऊन उजळतं, म्हणून तर मशीनला आतली गाठ दिसते. पण तयार झालं की लगेच विझायलाही लागतं. दर दोन तासांनी निम्मं. वाटेत ट्रक आडवा झाला, गाडी अडकली. दोघांपुरतं निघालेलं एकापुरतं पोचलंय."

"कुणी सांडलं?"

"सांडलं नाही. शिशाचा डबा बंदच होता. आपोआप विझतं ते."

"मग घाल थोडं पाणी. आमच्याकडे पाहुणा वाढला की पातेल्यात पाणी वाढतं."

"पाण्यानं उजेड वाढत नाही, आजी."

समोरच्या खुर्चीतल्या शिंपीमास्तरांनी बाही आधीच वर गुंडाळून ठेवली होती. उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन. कुठे आणि किती कापायचं, ते आजच्या फोटोवरून ठरणार होतं. आजीचंही काही ठरणारच होतं. गाठी विरघळत असतील तर केमोचं सलाइन चालू ठेवायचं, नसतील तर बंद करून घरी न्यायचं. पुढचा डबा आठवड्यानं येणार. तेवढे दिवस हा घोर उशाशी घेऊन निजायची आजीची तयारी नव्हती.

"नंबर पहिला आमचा आहे," सून म्हणाली.

मास्तरांनी मुकाट्यानं बाही खाली केली. "बरोबर आहे. आजींना द्या."

"गप रे. उद्या तुला फाडणार आहेत. बिनमापाचा फाडू देऊ?"

"आजी, आधी तुम्ही."

"नाही, आधी तू."

"तुमचं हे आधी तुम्ही, आधी तुम्ही चाललंय," बाई म्हणाली, "आणि ते तिकडे विझतंय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आतल्या मोजयंत्रावरचा आकडा काचेतून दिसत होता. सगळे बघत असताना तो थोडा खाली उतरला.

बाईनं पुन्हा फोन लावला. "डॉक्टर, दोघांना निम्मं निम्मं दिलं तर? ...हो. ...हो, सांगते." फोन ठेवून ती वळली. "चालेल म्हणतात. पण उजेड कमी, म्हणजे मशीनला वेळ जास्त. नेहमीच्या दुप्पट निजावं लागेल. दुसऱ्या माणसाला त्याहून जास्त, कारण तोवर ते आणखी विझलेलं असणार. आणि हलायचं नाही. हललात की फोटो पुसट, दिवस फुकट."

"मग दुसरी मी," आजी म्हणाली.

"आई, तुमची पाठ," सून कळवळून म्हणाली. आजीला पोक होतं. वर्षानुवर्षं ती कुशीवरच निजत आली होती.

"उभ्या आयुष्यात दुपारची पाठ टेकली नाही. आज टेकते. बघू काय होतं."

सुया टोचून झाल्या. औषध अंगभर पोचायला दोघं तासभर आपापल्या खोलीत पडून राहिली. मास्तर मशीनमध्ये गेले, ओंडक्यासारखे पडून राहिले, बाहेर आले.

मग आजी. अरुंद फळीवर तिला उताणं ठेवलं, तेव्हा फक्त पोक टेकलं. डोकं अधांतरी, खांदे अधांतरी, मान थरथरणारी. बाईनं उशी सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. घड्याळाकडे बघितलं.

"मी बघू?" दारातून मास्तर म्हणाले. त्यांनी डोळ्यांनीच आजीच्या पाठीचं माप घेतलं. एका चादरीच्या तीन घड्या केल्या, दुसरीची गुंडाळी, मधे पोकासाठी खळगा सोडला. "आता टेकवा. ...डावीकडे एक घडी कमी. हां. बसली."

आजीची मान स्थिर झाली. "घट्ट नाही ना होत?" मास्तरांनी सवयीनं विचारलं.

"दिवाळं निघेल तुझं," आजी म्हणाली, "शिलाई न घेता शिवतोस." आणि फळी हळूहळू त्या वाटोळ्या तोंडात सरकली.

सून काचेला नाक लावून उभी. पडद्यावर अंधारातून आजी उमटू लागली, जरा जरा, पहाट फटफटावी तशी. मेंदू. हृदय. अर्ध्या उजेडाची आजी. शेवटाकडे तिच्या पायाची बोटं आखडली, मांडी ताठली. बाईचा हात मशीन बंद करायच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. आजीनं ओठ दाताखाली धरले होते. पाय पुन्हा सैल पडला.

मशीनची घरघर थांबली. पडद्यावर कडा स्वच्छ होत्या. त्यांत काय लिहिलंय ते डॉक्टर वाचणार होते. बाईनं आत जाऊन फळी बाहेर घेतली.

"झालं, आजी. हला आता."

आजी हलली नाही.

"आजी?"

सुनेचा तळवा काचेवर चिकटला. मास्तर खुर्चीतून उठले.

"किती उरलं गं माझ्यात?" डोळे मिटूनच आजीनं विचारलं.

बाईनं श्वास सोडला. "अर्ध्याचं अर्धं."

"म्हणजे आहे की अजून," आजी म्हणाली. "पडू दे मग जरा."