बाद झालेलं रिटर्न

"टॅक्सचे पैसे कुठं नाही गेले, दीदी," सुशील मान खाली घालून म्हणाला. "चलान तुमच्याच पॅनवर जमा आहे. रिटर्न नव्यानं भरू, ते पैसे त्यातच वळते होतील. लेट फी तेवढी लागेल, ती मी भरतो."

"आणि फ्लॅट?"

सुशील टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

रायपूरच्या गुढियारीतलं त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. बाबांच्या ओळखीचा म्हणून संपदा दरवर्षी रिटर्न त्याच्याकडूनच भरून घेई. यंदा आधारला जुना नंबर होता, ओटीपी येईना. मग रिटर्नच्या पडताळणीचा सही केलेला कागद टपालानं बंगळुरूच्या आयकर केंद्राला पाठवायचं ठरलं. "माझ्यावर सोडा," सुशील म्हणाला होता.

कागद पोचलाच नाही. मुदत संपली, रिटर्न बाद झालं, बँकेनं कर्ज अडवलं. नव्या रायपुरातला ठरवलेला फ्लॅट बिल्डरनं दुसऱ्याला देऊन टाकला.

"भैया, तुम्ही तो पाठवलाच नाही ना?"

"नाही."

"काहून?"

"राहून गेलं. गलती माझीच आहे."

"बाबा तुम्हाला घरचा माणूस समजतात," संपदा म्हणाली आणि उठली.

तात्यापाऱ्यातल्या घरी तिचे बाबा नीलकंठराव मटार सोलत बसले होते.

"काय म्हणे सुशील?"

"कबूल केलं त्यानं. उद्या मी तक्रार देऊन राहिले."

"जाऊ दे ना. त्याचं घर चालते त्या धंद्यावर."

"आणि माझं घर गेलं त्याचं काय?"

"हे घर काय वाईट आहे? तुले काहून एवढी घाई होती जायची?"

संपदा त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाबा, तुमच्यानं हा जिना चढवत नाही. दर पायरीला थांबता. म्हणून तळमजला पाहिला होता. तुमची खोली बगिच्याकडं होती. आधी सांगायचं नव्हतं मला, एकदम नेऊन दाखवायचं होतं."

"माझी खोली?"

"मग? तुम्हाला इथं एकटं टाकून जाणार होते का मी?"

नीलकंठरावांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तक्रार नको देऊ, बेटा," ते म्हणाले. "सुशील कागद पाठवूनच राहिला होता. मीच त्याचे पाय धरले, नको पाठवू म्हणून."