विहिरीतली चाचणी

पाणबुड्यांना हव्या त्या खोलीवर तरंगत ठेवणारी जॅकेटं बनवायची, ही माझी खालापूरच्या कारखान्यातली नोकरी. नवा नमुना तयार झाला की रविवारी दहिवलीच्या आमच्या विहिरीत मीच तो घालून, पाठीला सिलिंडर लावून उतरते. जॅकेटात हवा बरोबर भरली, तर माणूस वरही येत नाही, खालीही जात नाही. हातपाय न हलवता दहा फुटांवर नुसता राहतो.

पहिल्याच रविवारी मला तशी निपचित बघून सासूबाईंनी बोंब ठोकली आणि पदू भावजींनी कपड्यांनिशी उडी मारून मला बाहेर ओढलं. मग मी सगळ्यांना बजावलं, की मी हलले नाही म्हणजेच काम नीट चाललंय. तेव्हापासून सासूबाई स्वतः काठावर बसतात. गाडीची चावी कुठाय, चहा कधी होणार, असं विचारत कुणी आलं की त्याला परत पाठवतात. "तिचं काम चाललंय. हाक मारायची नाय."

जॅकेट पास होऊन दोन महिने झाले. घरात मी कुणाला सांगितलेलं नाही; दर रविवारी उतरतेच आहे.

काल मी वर आले, तर सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या. म्हणाल्या, "तुज्या हापिसातून मागंच फोन आलता. पास झालं म्हनं जाकीट."

मी टॉवेल घेतला.

"पुढच्या रविवारी मला घाल गं ते. कुनी विचारलं तर सांग, काम चाललंय."