हात लावून जा

नोएलियाची आई मेक्सिकन आणि वडील अमेरिकन. सॅन अँटोनियोत वाढताना कुठल्या पाहुण्यांसमोर कुठली नोएलिया दाखवायची, हे ती बरोब्बर शिकली होती. म्हणून ओहायोहून सासूबाई, ज्युडिथ, नातीला बघायला आल्या, तेव्हा तिने आपल्या आजीला आधीच बजावलं, "त्यांच्यासमोर दृष्टबिष्टीचा विषय काढू नकोस हं. बाळाचं कौतुक केलं की त्याला हात लावायचाच, नाहीतर दृष्ट लागते, हे आपल्यात. त्यांच्यात दुसऱ्याच्या बाळाला हात लावत नाहीत. हसतील आपल्याला."

"मी कशाला काढतेय? तिला माझं बोलणं कळत नाही, मला तिचं," आजी म्हणाली. तरी दोघी रोज स्वयंपाकघरात हातवारे करत तासन्‌तास बसायच्या.

शनिवारी बाजारात एक बाई छोट्या इनेसच्या बाबागाडीपाशी थांबली. "किती गोड आहे हो," म्हणाली आणि लांबूनच हसून निघाली. नोएलियाला पेच पडला. हात लावायला सांगावं, तर शेजारी सासूबाई. न सांगावं, तर पोरीला दृष्ट लागायची.


तेवढ्यात ज्युडिथच त्या बाईला आडव्या गेल्या, "अहो, नुसतं गोड म्हणून कुठे निघालात? गालाला हात लावून जा तिच्या. रात्री रडली, तर घरी हिची पणजी मला बोलेल."