उलटी गाठ

पहिला फटका कानावर बसला तेव्हा संघपालच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. दुसऱ्या फटक्यानं तो आपल्याच दुकानाच्या काउंटरवर आदळला आणि त्याचा ओठ फुटला.

“पोट्टे हासून राह्यले होते माह्या पोरीले,” खुशालराव ओरडले. “भरल्या हॉलात! दोनदा बंद पडली मशीन. जुना माल भरला ना बे तू? अडाणी समजला काय मले?”

मशीन काउंटरवरच होती. काळा कॉम्प्युटर, चपलांच्या खोक्याएवढा. त्यांच्या करिश्माला ती एसटीत मांडीवर घेऊन अंजनगावहून अकोल्याला गेमिंगच्या स्पर्धेला आणायची होती, म्हणून संघपालनं एवढी लहान जुळवली होती. आत बोट घालायला जागा नव्हती. सकाळी दोन डाव बुडाले, तरी करिश्माची टीम कशीबशी फायनलला पोचली. फायनल चार वाजता होती. आता दोन वाजले होते.

“काका, उघडून तर पाहू द्या. एकेक पार्ट तुमच्यासमोर खोक्यातून काढला मी.”

“समोर काढला! मले काय समजते त्यातलं?”

खुशालरावांनी शटर ओढायची लोखंडी सळई उचलली. “ठेवतच नाई हे डबडं,” म्हणत त्यांनी ती मशीनवर उगारली. संघपालनं मशीनवर हात आडवा धरला. सळई हातावर बसली. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला.

तो खाली बसला तरी सळई थांबली नाही. पाठीवर एक. खांद्यावर एक. शेजारचे दुकानदार दारापर्यंत आले. एकानं मोबाइल वर धरला. आत कोणी आलं नाही.

करिश्मानं सळईच धरली. तिच्या तळहाताची साल निघाली. “बाबा! फायनल हाय माही. त्याचा हात तोडला, आता उघडन कोण?”

खुशालराव धापा टाकत थांबले. गळ्यातली तुळशीची माळ फिरून पाठीवर गेली होती. गावच्या सप्ताहात कीर्तनकारबुवा मागं न पाहता अभंग उचलत, कारण खुशालरावांचा टाळ कधी चुकत नसे. त्याच हातात आता सळई होती.

संघपालनं उजवा हात मांडीवर ठेवला. दोन बोटं भलतीकडं वळली होती. त्यानं बोटांकडं पाहिलं नाही.

“बंद व्हायच्या आधी पंख्याचा आवाज येते का, ताई?”

“पयले येत होता. आता एकदम चूप.”

“कवापासून?”

“परवापासून. दसऱ्यापासून.”

“दसऱ्याले काय केलं?”

करिश्मानं बापाकडं पाहिलं. “काही नाई. पूजा केली.”

“केली मंग!” खुशालराव पुन्हा पेटले. “विळे, फवारा, मोटर, सगळ्याईची केली. ह्या मशीनची बी केली. आपल्या वावरातल्या झेंडूचा हार घातला मी माह्या हातानं. देवाचं केलं, त्यात काय पाप झालं बे?” आणि त्यांनी संघपालच्या कमरेत लाथ घातली.

संघपालनं कळ गिळली. “मागं चार स्क्रू हायेत, ताई. उघड. मी सांगतो.”

करिश्मानं झाकण काढलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीला संघपालच्या ओठाचं रक्त लागलं होतं, ते तिच्या बोटांना लागलं. तो खालूनच बोलत राहिला. ती चपटी वायर सरकव, ओढू नको. आता मधला पंखा दिसन. काउंटरवरच्या चिमट्यानं फिरवून पाय.

“फिरूनच नाई राह्यला.”

“मंग तापून बंद पडते ती. आत काही अडकलं का पाय.”

तिनं चिमटा घातला. दोरा आला. वीतभर आला, अजून वीतभर आला. वरच्या फटींतून आत गेला होता आणि पंख्याच्या आसाला गच्च गुंडाळला होता. त्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, भाजून काळ्या झालेल्या.

“काल हार काढला तवा तुटला होता,” करिश्मा हळू म्हणाली. “अर्धा कुठं गेला, पायलंच नाई मी.”

“इथलाच असन तो,” खुशालराव म्हणाले. “ह्यानंच कोंबला असन.” आवाज मात्र खाली आला होता.

करिश्मानं दोरा त्यांच्या तळहातावर ठेवला. दर पाच फुलांनंतर एक उलटी गाठ. दोरा तुटला तरी फुलं सांडत नाहीत, असं खुशालराव हार विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे. अंजनगावच्या फूलबाजारात ती गाठ दुसरं कोणी मारत नव्हतं.

सळई खाली पडली आणि घरंगळत दारापर्यंत गेली.

करिश्मानं बटन दाबलं. पंखा फिरला. आवाज एकसारखा, बारीक. ती मशीनला कान लावून उभी राहिली आणि तिचा चेहरा भिजला.

“झाकण लाव,” संघपाल म्हणाला. “स्क्रू लई कसू नको. आटे जातात. जाय, अडीच वाजले.”

ती मशीन छातीशी धरून दारात गेली. खुशालराव तिच्यामागं गेले नाहीत. ते संघपालसमोर खाली बसले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी दातानं फाडलं, मोडलेली दोन बोटं स्क्रू ड्रायव्हरला टेकवली आणि वरून पट्टी गुंडाळली. संघपाल कळवळला. पट्टीची दोन टोकं हातात घेऊन खुशालराव बसून राहिले. टोकं निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

“साधीच गाठ मारा, काका,” संघपाल म्हणाला. “डॉक्टरले सोडता आली पायजे.”