मिश्रीची डबी

"पाचवा महिना आहे, आत्ताच दाढ दाखवून घ्या. नंतर महागात पडेल," माझ्या वेळी बारामतीच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या. पण भवानीनगरला घरी आल्यावर सासूबाईंनी मिश्रीची डबी पुढं सरकवली. "पोटुशीनं दाताला हत्यार लावायचं न्हाय. ही चोळ आन् गप पड." शिकलेली असून मी चोळली. आठव्या महिन्यात गाल सुजला, ताप चढला, आणि बाळाच्या काळजीनं आठ दिवस दवाखान्यात रडून काढले. बाळ निभावलं.

परवा माझी नणंद रश्मी माहेरी आली. तिलाही पाचवा लागलाय. गाल टम्म, बोलता येईना. सासूबाई घाबऱ्या झाल्या. "आवं, गाडी काढा! आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या माझ्या लेकीला!"

मी तीच डबी त्यांच्या हातात दिली. "पोटुशीनं हत्यार लावायचं नाही ना, आत्या?"

त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. मी दहा मिनिटं बघत बसले, मग खरं सांगितलं.

रश्मीला आणायला मीच गेले होते, आणि येतानाच बारामतीत डॉक्टरांकडून तिची दाढ काढून घेतली होती. गालात कापूस होता, आणि गप्प राहायचं तिनंच कबूल केलं होतं.

तुमच्या घरातल्या पोटुशीला आज विचारा, दात दुखतोय का. ती आपणहून सांगायची नाही.