सासऱ्याच्या मागून

"आबा, जरा पाय उचला ना," रूपा मागून म्हणाली.

"पयी ऱ्हायनू ना वं!" पुना आबा पळता पळता धापा टाकत म्हणाले आणि थांबले. मग रूपालाही थांबावं लागलं.

साक्रीजवळच्या रस्त्यावर सासरा पुढे, सून मागे, अशी ही पोलीस भरतीची तयारी चालली होती. रूपाचा नवरा सुरतेला कामाला. एकटीनं पळायचा कंटाळा येतो, सोबत असली की हुरूप येतो, असं ती सासूजवळ बोलून गेली आणि फसली. सुंदरबाईंनी सोबतीला दिले ते आबा. ट्रॅक पँट चालेल म्हणाल्या, बूटही चालतील. पण एक अट.

"सून सासराना म्होरे जास का कोठे? बठ्ठं गाव देखस."

रूपाचं वय या भरतीपुरतंच बसत होतं. पुढच्या वेळी अर्जच करता येणार नव्हता. पळायला ती चपळ होती, पण आबांना चरायला निघालेल्या शेळ्याही मागे टाकायच्या. या चालीनं वर्दी काही मिळत नव्हती. तिला रडू यायचं.

एकदा आबांनी तिला डोळे पुसताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारसायकल काढली. सासरा गाडीवर पुढेच, सून पळत मागेच. अट शाबूत आणि सुनेला वेग!

सुंदरबाईंना यात काहीतरी काळंबेरं वाटलं. पहारा ठेवायला त्या मागच्या सीटवर बसल्या, मान वळवून. पण आठवडा गेला नाही तोच, रूपा गाडीजवळ पोचली की त्या स्वतःच आबांच्या पाठीत कोपर मारू लागल्या.

"जोरमा चालाडा ना! पोर जोडे ई गयी!"

भरतीच्या दिवशी सासू-सासरे दोघं धुळ्याला मैदानाच्या तारेबाहेर उभे होते. आठशे मीटरची शिटी वाजली. रूपा सुसाट निघाली, आबांची छाती फुगली. सगळ्यात पुढे एक उंच पोरगी होती. रूपानं तिला गाठलं आणि तिच्या मागेच राहिली.

उंच पोरगी दमली, हळू झाली. रूपाही हळू झाली. दम तर तिच्यात भरपूर होता, पण पुढं कुणी असलं की त्याच्या मागून पळायचं, एवढंच तिच्या पायांना ठाऊक होतं. बाकीच्या पोरी दोन्ही बाजूंनी पुढे निघू लागल्या. वेळ संपत आला. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मुठीत चुरगळली.

सुंदरबाईंना राहवलं नाही. त्या तारेला छातीशी कवटाळून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर चारचौघांत खांद्यावर आला, तो सावरायचंही भान राहिलं नाही. त्या जीव खाऊन ओरडल्या,

"वं रूपा! ती काय तुनी सासू शे का? आनि ऱ्हाती तरी काय! जाय म्होरे!"